पहिली पायरी हरवलेले शहर

२०१९ मधील एका शनिवारची सकाळ. बंगळूरुच्या पूर्वेकडील के. आर. पुरम भागात वॉर्ड समितीची बैठक चालू होती. माझी पाळी आली आणि मी उभा राहिलो, तेव्हा हातातला कागद थरथरत होता. कागदावर तीनच मुद्दे होते : आमच्या गल्लीतील उघडे गटार, शाळेसमोरचा बंद पडलेला दिवा आणि पावसात तुंबणारी मोरी. पहिला मुद्दा वाचताना आवाज फुटेना. दुसरा समोरच्या टेबलापर्यंत पोहोचला नाही. तिसरा मी वाचलाच नाही. ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसलो. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या बाजारात फुले विकतात. त्या म्हणाल्या, ‘या मुलाच्या गल्लीतलं गटार उघडं आहे. गेल्या पावसाळ्यात माझी नात त्यात पडली. झाकण कधी बसणार, ती तारीख सांगा.’ तारीख मिळाली. झाकणही बसले, अर्थात तारीख उलटून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी.

घरी परतताना मला माझीच शरम वाटत होती. वय अठ्ठावीस, पदरी अभियांत्रिकीची पदवी, दिवसभर संगणकासमोर बसून परदेशी ग्राहकांच्या अडचणी सोडवण्याची नोकरी. आणि आपल्या गल्लीतील गटाराविषयी तीन वाक्ये बोलता येऊ नयेत! आज मी वॉर्डातून महापालिकेची निवडणूक लढवण्याची तयारी करतो आहे. बुजरेपणापासून उमेदवारीपर्यंतचा हा प्रवास माझा वैयक्तिक आहे. पण तो ज्या जागेत घडला ती जागा सार्वजनिक होती. निवडून आलेला नगरसेवक, त्याच्या अध्यक्षतेखालची वॉर्ड समिती आणि कोणालाही येऊन प्रश्न विचारता येईल अशी मासिक बैठक, एवढीच ती जागा. सप्टेंबर २०२० मध्ये माझ्या शहराने ती गमावली.

मी लहानपणापासून बुजरा. वर्गात हजेरी चालू झाली की आपले नाव जवळ येण्याच्या कल्पनेनेच पोटात गोळा येई. वडील दूरवाणीनगरच्या ‘आयटीआय’मध्ये, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये नोकरीला होते. १९४८ मध्ये उभा राहिलेला हा दूरध्वनीचा सरकारी कारखाना आणि रेल्वे स्थानक या तेव्हा आमच्या भागाच्या दोन खुणा. तिसरी खूण, रुळांवरून जाणारा तारांनी तोललेला झुलता पूल, या शतकाच्या आरंभी आली. त्या काळी कृष्णराजपुरमला स्वतःची नगरसभा होती. नगरसभेचा सदस्य म्हणजे सकाळी दुधाच्या रांगेत दिसणारा माणूस. वडील त्याच्याशी भांडत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बरोबर चहा घेत. मी वडिलांच्या मागे उभा राहून ऐकत असे. लोकप्रतिनिधीशी भांडता येते, हे मला पुस्तकातून नव्हे, त्या रांगेत कळले.

जानेवारी २००७ मध्ये बृहत बंगळूरु महानगर पालिका स्थापन झाली. जुन्या महापालिकेत सात नगरसभा, एक पुरसभा आणि शंभरावर खेडी सामावून घेण्यात आली. त्या सातांत आमची नगरसभाही होती. नव्या महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला मार्च २०१० उजाडले. मी पहिल्यांदा मत दिले ते त्या निवडणुकीत. दुसरी निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

बुजऱ्या माणसाने सार्वजनिक जीवनाचा विचार करावा की नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. त्याचे उत्तर मला गांधीजींच्या आत्मकथेत सापडले. लंडनच्या शाकाहारी मंडळात लिहून आणलेले भाषणही ज्यांना स्वतः वाचता आले नाही, मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासणीला उभे राहताच ज्यांचे अवसान गळाले आणि ज्यांनी घेतलेले तीस रुपये परत केले, तेच गांधी पुढे आपल्या संकोचाला आपली ढाल मानू लागले. शब्द जपून वापरण्याची सवय त्या संकोचाने लावली, असे त्यांचे म्हणणे. मात्र हा बदल एकांतात बसून झालेला नाही. प्रिटोरियातील हिंदी लोकांच्या छोट्या सभेत, त्यांच्या रोजच्या अपमानाविषयी बोलताना त्यांना वाचा फुटली. समोर ओळखीची माणसे हवीत आणि बोलायला ठोस विषय हवा. बुजरेपणावर याहून चांगले औषध मला ठाऊक नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांचा हा उपयोग आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. लॉर्ड रिपनच्या मे १८८२ च्या ठरावात स्पष्ट म्हटले होते, की कारभार लगेच सुधारेल या आशेपेक्षा लोकांचे राजकीय शिक्षण व्हावे, हा या संस्थांचा मुख्य हेतू. पुढच्या पिढ्यांनी त्याचा पुरेपूर लाभ घेतला. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य होते. वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत गेले आणि १९२४ पासून चार वर्षे तिचे अध्यक्ष होते. जवाहरलाल नेहरू अलाहाबादेत, राजेंद्रप्रसाद पाटण्यात आणि सुभाषचंद्र बोस कलकत्त्यात नागरी कारभार शिकले. पाणी, मैला, रस्ते आणि कर यांच्या हिशेबात ज्यांनी हात काळे केले, त्यांनीच पुढे राष्ट्राचा कारभार हाती घेतला.

माझे शिक्षण त्या मानाने अगदीच साधे होते. गटाराच्या प्रसंगानंतर मी एक वही घातली. फुलवाल्या मावशींचे वाक्य मी तिच्या पहिल्या पानावर लिहिले, कारण त्यात सार्वजनिक भाषणाला लागणारे सर्व काही होते : जागा, घटना आणि मागणी. पुढच्या बैठकीला मी एकच मुद्दा घेऊन गेलो. त्याच्या पुढच्या बैठकीला त्याच मुद्द्याचे काय झाले, एवढेच विचारले. चौथ्या बैठकीत कागदाकडे न पाहता बोललो.

वही भरत गेली तसे शहर उलगडत गेले. एकाच रस्त्याखाली किती सत्ता नांदतात, हे तोवर मला ठाऊक नव्हते. पाणी आणि सांडपाण्याची वाहिनी पाणीपुरवठा मंडळाची, वीज वीज कंपनीची, बस परिवहन महामंडळाची, मेट्रोचे खांब मेट्रो निगमचे, रुळांखालची मोरी रेल्वेची आणि पावसाचे पाणी वाहून नेणारे राजकालुवे, म्हणजे मोठे नाले, तेवढे महापालिकेचे. यांपैकी नगरसेवकाच्या थेट हाताखाली जवळजवळ कोणीच नाही. तरीही या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याची गरज आणि उठाठेव ज्याला असते असा माणूस एकच, तो म्हणजे नगरसेवक. कारण शिव्या खाण्याची पाळी त्याच्यावर येते आणि पाच वर्षांनी त्याला त्याच गल्लीत मते मागायची असतात.

तो नसला की काय होते, याची उदाहरणे लांब शोधायला नकोत. मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुर मेट्रो सुरू झाली, पण शहराच्या बाजूने ती बैयप्पनहळ्ळीला थांबत होती. मधला जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा ९ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला. ते साडेसहा महिने हजारो प्रवासी रोज एका गाडीतून उतरून, बसने पुढे जाऊन दुसरी गाडी पकडत होते. रूळ जोडण्याचे काम अभियंत्यांचे. ते कोणा नगरसेवकाने वेगाने केले असते असे मी म्हणणार नाही. परंतु स्थानकाबाहेरचा पदपथ, रस्ता ओलांडायची जागा, रिक्षांचा थांबा आणि दिवे हे प्रश्न वॉर्डाचे होते आणि ते मांडायला वॉर्डाचा कोणी नव्हता. होरमावूच्या साई लेआउटची कहाणी याहून कठीण. मे २०२५ च्या पावसात ही वसाहत पुन्हा पाण्यात गेली. नाल्यातून येणाऱ्या पाण्याला रेल्वेमार्गाखालची वाट अपुरी पडते, हे तिथले रहिवासी आधीपासून सांगत होते. माहितीची उणीव नव्हती. ती माहिती पावसाळ्यापूर्वी सभागृहात मांडून नोंदवून घेणारा माणूस नव्हता.

सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर काय घडले ते धोरणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने क्रमाने वाचावे असे आहे. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने १९८ वॉर्डांनुसार निवडणूक घेण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दरम्यान राज्याने नवा कायदा करून वॉर्डांची संख्या २४३ ठरवली. २०२२ मध्ये त्यांच्या सीमा आखल्या गेल्या. सरकार बदलले आणि २०२३ मध्ये संख्या २२५ झाली. मग बृहद् बंगळूरुच्या प्रशासनाचा २०२४ चा कायदा आला आणि तो मे २०२५ मध्ये लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. के. आर. पुरम पूर्व महापालिकेत आले. पाचही महापालिकांचे मिळून वॉर्ड आता ३६९. पक्ष बदलले, आकडे बदलले. निवडणूक मात्र कोणाच्याच काळात झाली नाही.

राज्यघटना याबाबत संदिग्ध नाही. ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. कलम २४३-यू नुसार मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे. २००६ मध्ये किशनसिंह तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे बंधन अधोरेखित केले. तरीही प्रभागरचना, आरक्षण आणि न्यायप्रविष्ट वाद या तीन खुंट्यांवर निवडणूक टांगून ठेवता येते, हे आपल्या बहुतेक राज्यांनी सिद्ध केले आहे. मराठी वाचकांना हे सांगायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि महाराष्ट्रातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. बंगळूरुची प्रतीक्षा त्याहून दीर्घ.

या रिकाम्या वर्षांची किंमत मोजताना आपण खड्डे, कचरा आणि तुंबलेले नाले मोजतो. माझ्या मते त्याहून मोठी एक किंमत मोजलीच जात नाही : जी माणसे या काळात घडली असती, ती घडली नाहीत. माझ्याबरोबर २०१९ मध्ये बैठकांना येणारे आम्ही सहा-सात जण होतो. एक निवृत्त शिक्षक, एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, दोन गृहिणी, एक रिक्षाचालक. करोनाच्या दोन लाटांत याच माणसांनी औषधे पोहोचवली, शिधा वाटला, खाटांसाठी दूरध्वनी केले. त्यांच्यापैकी कोणीही उत्तम नगरसेवक झाला असता. सभागृह गेल्यावर बैठकांना अध्यक्ष म्हणून अधिकारी येऊ लागले. त्यांच्यात सज्जन माणसे होती. पण बदली झाली की त्यांच्याबरोबर आश्वासनही जाई. बैठका विरळ झाल्या. विद्यार्थिनी नोकरीसाठी हैदराबादला गेली. शिक्षक थकले. रिक्षाचालकाने एकदा मला विचारले, ‘सर, कोणाला विचारायचं तेच ठाऊक नसेल तर विचारायला जायचं कशाला?’ मला उत्तर देता आले नाही.

मीही तीनदा तयारी केली आणि तिन्ही वेळा ती वाया गेली. १९८ च्या रचनेत माझी गल्ली एका वॉर्डात होती, २४३ च्या आराखड्यात दुसऱ्या, २२५ च्या आराखड्यात पुन्हा वेगळ्या. ज्या घरांची ओळख करून घेतली ती सीमेपलीकडे गेली. ज्या वस्तीत कधी पाऊल टाकले नाही ती माझी झाली. असा विलंब सगळ्यांना सारखा झळ लावत नाही. पक्षाचा आश्रय असलेला, जमिनीच्या व्यवहारातून पैसा मिळवलेला किंवा आमदाराच्या घरातला इच्छुक पाच वर्षे सहज थांबू शकतो. सण आला की त्याचे फलक लागतात, गणपतीला देणगी जाते. नोकरी सांभाळून शनिवारी वेळ काढणारा माणूस एवढा काळ तग धरू शकत नाही. निवडणूक लांबवली की उमेदवारांची चाळणी मतदानाआधीच होते, आणि त्या चाळणीतून नेमके साधे लोक गळतात.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की नगरसेवक होते तेव्हा तरी शहर कोणते स्वर्ग होते? खरे आहे. २०२० पूर्वीही खड्डे होते, कचऱ्याचे ढीग होते, कंत्राटांत टक्केवारीची कुजबुज होती. महापौर वर्षभराचा पाहुणा होता आणि शहराचे मोठे निर्णय विधानसौधात होत. परंतु लबाड नगरसेवकाला पाडण्याची सोय मतदाराकडे होती. प्रशासकाला कोणी पाडू शकत नाही. दुसरा आक्षेप असा, की आमदार आहेतच. आमच्या मतदारसंघात लाखो मतदार आहेत. त्यांच्या प्रतिनिधीने राज्याचे कायदे करायचे की गटाराची झाकणे मोजायची? तो झाकणे मोजू लागला की कायद्याकडे दुर्लक्ष होते. आणि झाकणांची सत्ता एकदा चाखली की ती नगरसेवकाकडे परत जावी असे त्याला वाटेनासे होते. निवडणुका लांबण्यामागे सगळ्या पक्षांतील ही मूक सहमती मोठे कारण आहे, असे मला वाटते.

नव्या रचनेबद्दल माझ्या मनात आशा आणि शंका दोन्ही आहेत. शंका अशी, की पाच महापालिकांच्या डोक्यावर जे प्राधिकरण बसवले आहे त्याचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री आहेत. पाच महापौर त्यांच्यासमोर किती बोलू शकतील, हे पाहावे लागेल. आशेचे कारण साध्या भागाकारात आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती. १९८ वॉर्डांत प्रत्येकी सरासरी ४२ हजारांहून अधिक माणसे येत. ३६९ वॉर्डांत, त्याच जनगणनेच्या हिशेबाने, ती २३ हजारांच्या आसपास येतात. प्रत्यक्षात शहर आता कितीतरी वाढले आहे. तरी वॉर्ड जवळजवळ निम्मा झाला, हे महत्त्वाचे. एवढा वॉर्ड पायी फिरता येतो. जिथे पायी फिरता येते तिथे फलक आणि ध्वनिक्षेपक यांचे वजन कमी होते आणि दारात उभे राहून हळू आवाजात बोलणाऱ्यालाही संधी मिळते. महाराष्ट्रात मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभागांची पद्धत आहे. मोठा प्रभाग, चारचौघांचे पॅनेल आणि पक्षाचे चिन्ह यांच्यापुढे एकटा इच्छुक कसा टिकणार, हा प्रश्न तिथल्या धोरणकर्त्यांनी स्वतःला विचारायला हवा.

केवळ निवडणूक घेऊन भागणार नाही, हेही मला मान्य आहे. माझी घडण मतदानाच्या दिवशी झाली नाही. ती दर महिन्याच्या बैठकीत झाली. म्हणून माझ्या मागण्या अगदी थोड्या आहेत. सभागृहाची मुदत संपण्याच्या वर्षभर आधी वॉर्डांच्या सीमा गोठवाव्यात आणि त्यानंतर केलेला कोणताही बदल पुढच्या खेपेला लागू व्हावा. वॉर्ड समितीची बैठक ठरल्या दिवशी व्हावी आणि तिचे इतिवृत्त आठवड्याच्या आत वॉर्डात लावले जावे. पाणी, वीज, मेट्रो आणि रेल्वे यांचे अधिकारी तीन महिन्यांतून एकदा तरी त्या बैठकीला आलेच पाहिजेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती सत्ता खाली सोडण्याची तयारी.

मित्र विचारतात, निवडून येशील का? मला ठाऊक नाही. पक्षांच्या तुलनेत माझ्याजवळ काय आहे? चार भरलेल्या वह्या, चालून झिजलेल्या चपला आणि वॉर्डातील प्रत्येक मोरी कोणाच्या मालकीची आहे याची माहिती. राज्यघटनेने एकविसाव्या वर्षी महापालिकेचे दार उघडे ठेवले आहे. मला त्या दारापर्यंत यायला आणखी चौदा वर्षे लागली. त्यांतली पाच माझ्या लाजेपायी नव्हे, तर दारच बंद असल्यामुळे गेली. आज एकवीस वर्षांच्या, माझ्यासारख्याच बुजऱ्या मुलीला किंवा मुलाला एवढे थांबावे लागू नये, असे वाटते.

आणि आरक्षणाच्या अंतिम यादीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तर? तसे झाले तर मला वाईट वाटेल, हे लपवत नाही. पण त्या शक्यतेचा विचार मी केला आहे. मागच्या महिन्यात मी फुलवाल्या मावशींना वह्या दाखवल्या आणि त्यांनी उभे राहावे असे सुचवले. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘मला कुठं बोलता येतं?’ मी पहिल्या वहीचे पहिले पान उघडले आणि त्यांचेच वाक्य त्यांना वाचून दाखवले. या वेळी माझा आवाज कापला नाही.